र. धों. कर्वे यांचे स्मरण : ‘समाजस्वास्थ्य’चा संपादक आणि त्याचा वाचक

प्रस्तावना

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाचा उल्लेख टाळता येत नाही. परंतु त्याविषयी फार बोलणेही अभ्यासकांना काहीसे अडचणीचे वाटत आलेले आहे. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेले हे मासिक नोव्हेंबर १९५३ पर्यंत चालले. त्याचे संपादक, प्रकाशक, बहुतांश मजकुराचे लेखक आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरे देणारे सल्लागार ही सारी कामे रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे एकच गृहस्थ करीत होते. कर्वे यांच्या कार्याचे स्मरण आज अधूनमधून होते. त्यांच्यावर चरित्रे लिहिली गेली, चित्रपट निघाला, नाटक आले. मात्र या सर्व स्मरणात कुटुंबनियोजनाचे आद्य पुरस्कर्ते कर्वे जेवढे ठळकपणे येतात, तेवढे लैंगिक विषयाला वाहिलेल्या, मोजक्या वाचकांच्या मासिकाचे संस्थापक कर्वे येत नाहीत. प्रस्तुत लेखात या निवडक स्मरणाची चिकित्सा केलेली आहे. कर्वे यांचे सर्वांत मौलिक कार्य संततिनियमनाच्या प्रचारापेक्षाही, ज्याला विचारण्याची लाज वाटते अशा वाचकाला छापील उत्तर मिळवून देण्यात होते आणि नेमके तेच स्मरणातून गळाले आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘द्रष्टा’ या शब्दाची अडचण

कर्वे यांच्या एका चरित्राचे शीर्षक ‘उपेक्षित द्रष्टा’ असे आहे. दिवाकर बापट यांनी ते आस्थेने लिहिले आहे आणि शीर्षकातील भावनाही प्रामाणिक आहे. तरीसुद्धा या दोन शब्दांनी कर्वे यांच्या पुढील स्मरणाला एक साचा मिळाला, हे मान्य करावे लागते. काळाच्या पुढे पाहणारा मनुष्य, त्याला न समजू शकलेला समाज आणि यथावकाश त्याचे खरे ठरलेले म्हणणे, अशी या साच्याची रचना आहे. य. दि. फडके यांचे १९८१ मधील चरित्र कागदपत्रांच्या आधारावर उभे असल्यामुळे अधिक संयत आहे. परंतु सर्वसाधारण वाचकाच्या मनात रुजला तो द्रष्ट्याचाच साचा.

द्रष्टा म्हटले की त्याने जे पाहिले ते पुढे खरे व्हावे लागते. भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि या अर्थाने कर्वे ‘खरे ठरले’. म्हणून संततिनियमन हा त्यांच्या कार्याचा गाभा ठरला आणि उरलेला सारा मजकूर, म्हणजे मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचे चित्र, हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीची उत्तरे, नग्नतेचे समर्थन, विवाहसंस्थेवरील उपहास, हा त्या गाभ्याभोवतीचा तऱ्हेवाईकपणा ठरला. शासनाला जे उपयोगी पडले ते दूरदृष्टीचे आणि जे पडले नाही ते विक्षिप्तपणाचे, अशी ही विभागणी आहे. महाविद्यालयांत दरवर्षी ११ जुलैच्या जागतिक लोकसंख्या दिनी कर्वे यांचे नाव निघालेच, तर ते लोकसंख्येच्या आलेखाशेजारी निघते. ‘समाजस्वास्थ्य’चा एखादा अंक प्रत्यक्ष चाळणाऱ्या वाचकाला मात्र हे दोन कर्वे वेगळे करता येत नाहीत.

पार्श्वभूमी

कर्वे यांचे चरित्र येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड हे त्यांचे गाव. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. आई राधाबाई यांचा १८९१ मध्ये बाळंतपणात मृत्यू झाला, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. या घटनेचा संबंध त्यांच्या पुढील कार्याशी चरित्रकारांनी वारंवार जोडला आहे. तो जोडण्यात चूक नाही. पण त्यात एक सोय मात्र आहे. आईच्या मृत्यूतून संततिनियमन निघते, ‘समाजस्वास्थ्य’ निघत नाही.

मॅट्रिकच्या परीक्षेत १८९९ मध्ये ते पहिले आले, फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली, गणिताच्या उच्च शिक्षणासाठी फ्रान्सला गेले आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये, म्हणजे मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या विषयावरील जाहीर मतांमुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालय सोडावे लागले. नोकरी गेल्यानंतर दोनच वर्षांनी मासिक निघाले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. वर्गातून बाहेर पडलेल्या शिक्षकाने दुसरा वर्ग भरवला आणि त्याला हजेरीपट नव्हता. या सर्व काळात पत्नी मालतीबाई यांनी नोकरी करून संसार सांभाळला. अपत्य होऊ न देण्याचा निर्णय दोघांचा होता. मासिकाच्या सव्वीस वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना मालतीबाईंचा वाटा ‘सहधर्मचारिणीची साथ’ अशा एका वाक्यात संपवला जातो, तो तसा संपू नये. मासिकाची पहिली आश्रयदाती म्हणून त्यांचाच उल्लेख करावा लागेल.

येथे दोन समकालीनांशी तुलना उपयुक्त ठरते. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्येच संततिनियमनाचा पुरस्कार करणारे ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा युक्तिवाद सुप्रजननाचा, म्हणजे राष्ट्राला सशक्त संतती मिळावी असा होता. डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९३४ पासून मुंबईतूनच ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक इंग्रजीतून चालवले. त्याचा वाचक डॉक्टर, संशोधक आणि परदेशातील तज्ज्ञ हा होता. एकाने राष्ट्रासाठी लिहिले, दुसऱ्याने शास्त्रासाठी. कर्वे मराठीत लिहीत होते आणि त्यांचा वाचक वसतिगृहातील विद्यार्थी, कारकून, शाळामास्तर असा होता. राष्ट्राची प्रजा सुधारावी म्हणून हा वाचक त्यांना पत्र लिहीत नसे. स्वतःला काही विकार जडला आहे काय, या धास्तीने तो लिहीत असे.

प्रश्नोत्तरांचे सदर

‘समाजस्वास्थ्य’मध्ये लेख, परीक्षणे, शेरे, ‘शारदेची पत्रे’सारखी सदरे असा पुष्कळ मजकूर होता. परंतु मासिकाचा कणा कोणता, असे विचारले तर वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरे असेच म्हणावे लागेल. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांनी २०१७ मध्ये ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात या पत्रव्यवहाराचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. पत्रलेखक मुख्यतः मध्यमवर्गीय पुरुष होते आणि त्यांच्या प्रश्नांमागे वीर्यनाश, हस्तमैथुन, अवयवांची क्षमता, वैवाहिक संबंधांतील अपयश यांविषयीची तीव्र चिंता होती, असे त्यातून दिसते. ही चिंता वैयक्तिक असली तरी तिचा पुरवठा सार्वजनिक होता. ब्रह्मचर्याचे माहात्म्य सांगणारी पुस्तके एका बाजूने आणि शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती दुसऱ्या बाजूने तीच भीती तरुणाच्या मनात भरत होत्या. एकाने भीती घालायची आणि दुसऱ्याने तिच्यावर औषध विकायचे, असा हा व्यवहार होता.

कर्वे यांची उत्तरे या व्यवहाराच्या आड येत होती. त्यांची उत्तरे आखूड, कोरडी आणि कित्येकदा उपहासात्मक असत. अमुक केल्याने काही बिघडत नाही, तमुक औषधाचा उपयोग नाही, अशा थाटाची ही भाषा गणिताच्या प्राध्यापकाची आहे. तीत सांत्वन नाही, परंतु धिक्कारही नाही. या दुसऱ्या गोष्टीचे मोल त्या काळात किती होते, याची कल्पना आज करणे कठीण आहे. वडीलधारी मंडळी, वैद्य, कीर्तनकार, आखाड्यातील उस्ताद, शाळेतील शिक्षक यांच्यापैकी ज्याच्याकडे असा प्रश्न न्यावा, तो प्रश्न ऐकण्यापूर्वी प्रश्नकर्त्याची नैतिक तपासणी करणार, हे ठरलेले होते. कर्वे प्रश्न तपासत होते. प्रश्नकर्त्याला ते तपासत नव्हते.

समीक्षेच्या दृष्टीने या सदराचा घाटही पाहण्यासारखा आहे. उत्तर एका व्यक्तीला दिलेले असते, पण ते छापले जात असल्यामुळे शेकडो जण वाचतात. ज्याने प्रश्न विचारला नाही, त्यालाही आपला प्रश्न दुसऱ्या कोणीतरी विचारलेला दिसतो. पत्रलेखक निनावी असतो, त्यामुळे तो कोणीही असू शकतो: शेजारी, सहकारी, वडीलसुद्धा. अशा सदरातून माहितीबरोबर आणखी एक गोष्ट पोहोचते, ती म्हणजे आपण एकटे नाही ही जाणीव. घरात अंक लपवून वाचणाऱ्या माणसाला समाज भेटतो तो या मार्गाने.

हा गुण ‘समाजस्वास्थ्य’चा एकट्याचा नाही. लैंगिक आवडीनिवडींच्या अगदी अरुंद कोपऱ्यांसाठी निघालेल्या नियतकालिकांचा एक स्वतंत्र इतिहास पाश्चात्त्य देशांत आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान ‘लंडन लाइफ’ या साप्ताहिकाची पत्रांची पाने उंच टाचांचे जोडे, घट्ट कंबरपट्टे, मेणकापडी कोट अशा विषयांवरील वाचकपत्रांनी भरत असत. जॉन विली या टोपणनावाच्या चित्रकाराने १९४६ मध्ये ‘बिझार’ सुरू केले, त्यातही वाचकपत्रांना मोठे स्थान होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ‘स्प्लॉश’ नावाचे नियतकालिक निघत होते. अंगावर क्रीम, केक, चिखल ओतून घेण्याच्या खेळात ज्यांना कामुक आनंद मिळतो अशांसाठी ते होते. आपल्याकडील वाचकाला हे वाचून हसू येईल आणि त्यात गैर काही नाही. त्या नियतकालिकाच्या वाचकांनाही बहुधा येत असावे. प्रश्न असा की कोणाला इजा न करणाऱ्या अशा आवडीचा मनुष्य, आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे कळेपर्यंत स्वतःला काय समजत असेल? अशा मासिकाच्या संस्थापकाचे ऋण त्याचा वाचक कोणत्या शब्दांत मानील, हे सांगणे म्हणूनच अवघड आहे. सार्वजनिक श्रद्धांजलीच्या भाषेत त्यासाठी शब्द नाहीत.

कर्वे यांचे मासिक या परंपरेत बसवणे काहींना अनुचित वाटेल. ते शास्त्रीय ज्ञानासाठी होते, करमणुकीसाठी नव्हते, असा आक्षेप येईल. आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु स्वतः कर्वे यांनी ज्ञान आणि सुख यांच्यामध्ये अशी भिंत उभारली नव्हती. कामसुख हे स्वतःच इष्ट आहे, ते स्त्रीलाही हवे असते व मिळाले पाहिजे आणि त्याला संततीचे समर्थन लागत नाही, ही त्यांची भूमिका होती. संततिनियमन हे त्यांच्या दृष्टीने या सुखाला भीतीपासून मोकळे करण्याचे साधन होते. साधन लक्षात राहिले आणि साध्य विसरले गेले, असा हा प्रकार आहे.

खटले : कोणाच्या हाती पडेल?

‘समाजस्वास्थ्य’वरील खटल्यांची हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल १९३१ मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना १०० रुपये दंड झाला आणि वरच्या न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. १९३४ मधील दुसरा खटला प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो लेखावर नव्हता. तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले. विचारलेले प्रश्न विकृत आहेत, त्यांना उत्तरे देण्याची गरजच काय, असा न्यायालयाचा सूर होता. विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल आणि म्हणून उत्तर देणे हेच योग्य, असे आंबेडकरांच्या युक्तिवादाचे सार होते. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांचे आधारही त्यांनी दिले. निकाल विरुद्ध गेला. दंड २०० रुपये झाला.

आंबेडकरांनी हा खटला का घेतला, याचे स्पष्टीकरण त्यांच्या उदारमतवादात शोधले जाते. ते पुरेसे नाही. संततिनियमनाचा प्रश्न त्यांना पुढेही महत्त्वाचा वाटत राहिला आणि १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी त्यासंबंधीचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. परंतु १९३४ च्या खटल्यात बचाव संततिनियमनाचा नव्हताच. कोणत्या माणसाला काय विचारण्याचा आणि काय जाणून घेण्याचा अधिकार आहे, हा तेथील मुद्दा होता. ज्ञान कोणाच्या कानावर पडू द्यावे यावर शतकानुशतके पहारा बसवणाऱ्या समाजव्यवस्थेशी ज्यांचा लढा होता, त्यांना या मुद्द्याची जात ओळखण्यास वेळ लागला नसावा.

त्या वेळच्या कायद्याची रचना पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. अश्लीलता ठरवण्यासाठी इंग्लंडमधील १८६८ च्या हिकलिन खटल्यातील कसोटी वापरली जाई. ज्यांची मने अशा अनिष्ट प्रभावांना बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती हा मजकूर पडू शकेल, त्यांना तो बिघडवील काय, हा त्या कसोटीचा आशय. म्हणजे न्यायालयासमोर मजकूर उभा असला तरी खरी तपासणी काल्पनिक वाचकाची होती. इंग्रजी जाणणारा डॉक्टर बिघडत नाही, मराठी वाचणारा कारकून बिघडतो, हे गृहीतक तीत सहज सामावते. भारतीय दंडसंहितेचे २९२ वे कलम १९२५ मध्ये दुरुस्त झाले तेव्हा त्यात धार्मिक प्रयोजनासाठी असलेल्या मजकुराला सूट होती. शास्त्र, साहित्य, कला आणि ज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या मजकुराला सूट देणारी तरतूद आली ती १९६९ मध्ये, कर्वे यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. कर्वे यांना ज्या बचावाची गरज होती तो कायद्यात उपलब्धच नव्हता.

पुढील इतिहास सरळ रेषेत गेला नाही. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेला सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष ठरवले. हिकलिनची कसोटी न्यायालयाने २०१४ मध्ये बाजूला सारून समकालीन समाजमानसाचा निकष स्वीकारला. परंतु लगेच २०१५ मध्ये, वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात, ऐतिहासिक थोर पुरुषांच्या संदर्भात तो निकष अधिक कडकपणे लावण्याची वाट मोकळी केली. दंडसंहितेची जागा जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या २९२ व्या कलमाचा आशय तिच्या २९४ व्या कलमात कायम आहे. समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, ही कर्वे यांनी आपल्या मासिकात मांडलेली भूमिका प्रौढांच्या संमतीपुरती का होईना, कायद्याने २०१८ मध्ये मान्य केली. हे पाहता द्रष्टेपणाच्याच निकषाने जायचे तर ‘विक्षिप्त’ म्हणून बाजूला ठेवलेल्या मजकुरालाही तो लागू पडतो.

मर्यादा

स्मरण निवडक नसावे असा आग्रह धरला, तर संपादकाच्या मर्यादाही त्यात आल्या पाहिजेत. मुखपृष्ठावरील नग्न देह स्त्रीचा होता. शरीर लाजिरवाणे नसते हे दाखवण्यासाठी ते चित्र आहे, हे समर्थन तात्त्विक पातळीवर टिकते. परंतु तसे असेल तर पुरुषाच्या देहाने ते का दाखवले जाऊ नये, हा प्रश्न उरतो. स्त्रीच्या कामसुखाचा एवढा आग्रही पुरस्कार करणाऱ्या मासिकाचा पत्रलेखक बहुतांशी पुरुष असावा, यामागे साक्षरतेपासून टपालाच्या गुप्ततेपर्यंत अनेक कारणे आहेत. तथापि, स्त्रीविषयी पुष्कळ आणि स्त्रीशी थोडे, असा मजकुराचा तोल राहिला.

दुसरी मर्यादा वर्गाची व जातीची. मासिक विकत घेऊन, वाचून, पत्र लिहून उत्तराची वाट पाहणे ही क्रिया शहरी शिक्षितांच्या आवाक्यातील होती. त्याच मुंबईतील गिरणगावात, कोकण व देशावरून आलेल्या आणि कुटुंब गावी ठेवून खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारांचे प्रश्न ‘समाजस्वास्थ्य’च्या विषयाशी अगदी थेट निगडित होते, त्यांच्यापर्यंत हे मासिक कितपत गेले असेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे. तिसरे असे की, सुप्रजननाच्या कल्पनांची छाया त्या काळातील सगळ्याच संततिनियमन-चळवळीवर होती आणि कर्वे तिच्यापासून सर्वस्वी अलिप्त होते असा दावा करण्याचे कारण नाही. फडके यांच्याइतकी ती त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी नाही, एवढेच म्हणता येईल.

उपहासाविषयी मतभेद होऊ शकतो. विरोधकांना टोमणे मारण्यात कर्वे यांना सुख वाटत असे आणि कित्येक ठिकाणी ते प्रतिपक्षाला समजून घेण्याचे श्रम टाळतात. महात्मा गांधींच्या ब्रह्मचर्यविषयक विचारांवरील त्यांची टीका तर्कदृष्ट्या अचूक आहे. गांधींच्या प्रयोगामागील नैतिक बेचैनी मात्र तिच्यात दिसत नाही. पण हाच कोरडेपणा प्रश्नोत्तरांत वाचकाच्या उपयोगी पडला, हेही तितकेच खरे. मायाळू संपादकाने कदाचित उपदेश केला असता.

पडद्यावर व रंगमंचावर

अमोल पालेकर यांच्या ‘ध्यासपर्व’ (२००१) या चित्रपटाने कर्वे यांना नव्या पिढीपुढे आणले. किशोर कदम व सीमा बिस्वास यांनी उभे केलेले दांपत्य प्रेक्षकांच्या लक्षात राहिले आणि मालतीबाईंना मिळालेला अवकाश ही या चित्रपटाची मोठी जमेची बाजू आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो मात्र कुटुंबकल्याण या विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. निवड समितीचा यात दोष नाही. तरीही विवाहसंस्थेच्या पावित्र्यावर आयुष्यभर शंका घेतलेल्या मनुष्याचे राष्ट्रीय स्मरण ‘कुटुंबकल्याण’ या नावाखाली व्हावे, यातील विसंगतीवर स्वतः कर्वे यांनी पुढील अंकात एक शेरा नक्कीच लिहिला असता.

अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ (२०१७) हे नाटक खटल्यांभोवती रचलेले आहे. अतुल पेठे यांचे दिग्दर्शन आणि गिरीश कुलकर्णी यांनी साकारलेले कर्वे यांमुळे ते गाजले. न्यायालय ही रंगभूमीला मानवणारी जागा आहे. दोन बाजू, एक निकाल, मध्ये वक्तृत्व. आविष्कारस्वातंत्र्याचा प्रश्न या नाटकाने नेमक्या वेळी उपस्थित केला, याबद्दल दुमत नसावे. पण न्यायालयात उभा असतो तो संपादक. ज्याच्यासाठी तो उत्तर छापतो तो पत्रलेखक तेथे येऊ शकत नाही, कारण निनावी राहण्याच्या अटीवरच तो बोललेला असतो. त्यामुळे लेखनस्वातंत्र्याचा योद्धा म्हणून कर्वे या नाटकातून जेवढे मिळतात, तेवढा त्यांचा वाचक मिळत नाही. कदाचित हे काम नाटकाचे नसेलही.

औद्योगिक पट्ट्यातील वाचक

गिरणगावाचा उल्लेख वर आला आहे. त्या गिरण्या गेल्या. पुणे जिल्ह्यात पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात वाहन उद्योग व त्याला सुटे भाग पुरवणारे कारखाने वाढले. कांद्याचा बाजार आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी लढवलेला संग्रामदुर्ग यांसाठी ओळखले जाणारे चाकण आज मराठवाडा, विदर्भ, खानदेश व परप्रांतांतून आलेल्या तरुण कामगारांचे ठिकाण झाले आहे. एका खोलीत चौघेपाचजण राहतात, पाळ्या बदलत राहतात, विवाह लांबलेला असतो किंवा पत्नी गावी असते. अशा वसाहतींच्या रस्त्याकडेच्या भिंतींवर गुप्तरोग व मर्दानी ताकद यांच्या इलाजाच्या रंगवलेल्या जाहिराती हे नित्याचे दृश्य आहे. कर्वे यांच्या काळात वृत्तपत्रांतून जो व्यवहार चाले, तो येथे चुन्याच्या अक्षरांत चालू आहे. हातातील भ्रमणध्वनीवर दृश्यांचा पूर आहे. ‘मला होते हे बरे आहे का’ या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणारा मात्र त्यात सापडतोच असे नाही.

महाविद्यालयांचा संबंध येथे येतो. या कामगारांचे धाकटे भाऊ-बहिणी याच पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकतात. अनेक विद्यार्थी स्वतःच रात्रपाळी करून सकाळच्या तासाला बसतात. २००७ मध्ये किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम शाळांतून आणण्याचा प्रयत्न झाला तेव्हा महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्याला विरोध झाला आणि राज्याने तो रोखला. आक्षेप होता तो त्यातील चित्रांना व शब्दांना. मुलांच्या हाती हे पडले तर काय, हा १८६८ चा प्रश्न १३९ वर्षांनी मराठीत विचारला गेला आणि ज्या राज्यात ‘समाजस्वास्थ्य’ सव्वीस वर्षे निघाले होते तेथेच तो विचारला गेला.

ग्रंथव्यवहाराच्या बाजूने परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. डॉ. अनंत देशमुख यांनी कर्वे यांच्या चरित्राची व लेखनाची दीर्घकाळ साधना करून त्यांचे वाङ्मय पुन्हा वाचकांपुढे आणले. हे काम एकट्याने करण्याचे नव्हते, तरी त्यांनी ते केले. मात्र निवडक लेखनाच्या खंडांतून लेखक कर्वे हाती लागतात. मासिक म्हणजे मुखपृष्ठ, जाहिराती, शेरे, एका प्रश्नाखाली छापलेला दुसरा प्रश्न आणि संपादकाने ज्याला उत्तर देण्याचे नाकारले तोही प्रश्न, हे सर्व एका अंकात एकत्र असते. मराठी विभागांतून नियतकालिकांवर प्रबंध लिहिले जातात, तेव्हा ‘मनोरंजन’, ‘रत्नाकर’, ‘सत्यकथा’ यांना जी पानोपानीची वागणूक मिळते ती ‘समाजस्वास्थ्य’च्या प्रश्नोत्तरांनाही मिळण्यास वाङ्मयीन कारण पुरेसे आहे. मराठी गद्यात लैंगिक अनुभवासाठी अश्लील नसलेले आणि संस्कृतात न लपलेले शब्द वापरण्याचा एवढा दीर्घ, सलग प्रयत्न अन्यत्र क्वचितच झाला असेल.

कर्वे यांचे निधन १४ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि मासिक थांबले. संततिनियमनाचे काम तोपर्यंत शासनाकडे गेले होते. त्याला पुढे खाते, अंदाजपत्रक, लाल त्रिकोण हे सारे मिळाले. प्रश्नोत्तरांचे सदर कोणी चालवायला घेतले नाही. अशोक राव कवी यांनी मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले ते १९९० मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी, वेगळ्या वाचकासाठी आणि मुख्यतः इंग्रजीत.